ऊन भरपूर, तरी बुरशी का? चिकू-कैरीचं वाळवण आणि घरी बनवायची पेटी

दारात चिकूची दोन झाडं असली की असा एक दिवस हमखास येतो, ज्या दिवशी टोपलीतली सगळी फळं एकदम पिकतात. शेजारीपाजारी वाटून होतात, पाहुण्यांच्या पिशवीत घालून होतात, तरी निम्मी टोपली उरतेच. सरावली आणि एकूणच डहाणू-तलासरी पट्ट्यातल्या घरांना हा अनुभव नवा नाही. मग कुणीतरी फोडी करून गच्चीवर पसरतं. दोन दिवस कडक ऊन मिळतं, फोडी हाताला कोरड्या लागतात, डब्यात जातात. पंधरा दिवसांनी डबा उघडला की आत पांढुरके ठिपके आणि आंबूस वास.

वाचक पुन्हा पुन्हा तीन प्रश्न विचारतात. एवढं ऊन असूनही बुरशी का येते? आजीच्या हातची कृती तिनं सांगितली तशीच केली, तरी का बिघडते? आणि घरी केलेलं चार लोकांना विकायचं झालं तर परवानगी कुणाची लागते? तिन्हींची उत्तरं एकाच डब्याशी येऊन थांबतात, म्हणून ती एकत्रच घेऊ.

आधी मिठाची वाटी ठेवा

वाळवण फसतं ते बहुतेक वेळा ऊन कमी पडल्यामुळे नव्हे. आपल्या किनारपट्टीत खरी अडचण हवेची आहे. फोडीतलं पाणी हवेत जायचं, तर हवेत त्याला जागा हवी. दुपारनंतर समुद्रावरून दमट वारा सुटला की ती जागा उरत नाही. संध्याकाळी हवा गार होते, तिचा ओलावा वाढतो आणि दिवसभर वाळलेली फोड रात्रीत पुन्हा पाणी ओढून घेते. सकाळी ती वरून कोरडी वाटते, आत मात्र ओलसर असते. बुरशीला तेवढं पुरतं.

हे ओळखायला यंत्र नको. पाकिटातलं चमचाभर बारीक मीठ काचेच्या वाटीत पसरा आणि जिथे वाळवण घालणार तिथे सावलीत तासभर ठेवा. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेली की मीठ पाणी धरू लागतं. मीठ सुटं राहिलं तर वाळवण उघड्यावर घालायला हरकत नाही. ओलसर झालं तर त्या दिवशी उघड्यावर पसरू नका, ऊन कितीही लखलखीत असो. खडे मीठ या तपासणीला घेऊ नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यामुळे ते आधीच पाणी सोडतं आणि तुम्हाला चुकीचं उत्तर देतं.

वर्षाचा अंदाज ढोबळमानानं असा ठेवा:

- डिसेंबर ते फेब्रुवारी: जमिनीवरून येणारा कोरडा वारा असतो. चिकूसाठी हाच उत्तम काळ. सकाळचं दव मात्र सांभाळा.
- मार्च-एप्रिल: कैरीची आंबोशी, मिरच्या, पापड-कुरडया. दुपारी चारच्या आत आवरा.
- मे: ऊन सर्वांत तापतं, पण हवेत ओलावाही भरलेला असतो. किनाऱ्याजवळच्या गावांनी या महिन्यात पेटीशिवाय फळं वाळवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तलासरीकडच्या, समुद्रापासून आत असलेल्या गावांना थोडी सवलत मिळते.
- जून ते सप्टेंबर: नवं वाळवण नको. जे आहे ते जपा.

चिकूच्या फोडी: कृती वजनात

आपल्याकडे मुख्यतः कालीपत्ती चिकू होतो. झाडावरून उतरवताना नखानं साल हलकेच खरवडून पाहा. खाली हिरवी रेघ दिसली तर फळ अजून तयार नाही, पिवळसर दिसली तर उतरवा. तयार न झालेलं फळ कितीही दिवस ठेवलं तरी त्याचा तुरटपणा आणि चीक जात नाही, आणि वाळवल्यावर तो अधिकच जाणवतो.

उतरवलेली फळं धुऊन वरचा भुरा काढा, पुसून मोकळ्या टोपलीत पसरा. साधारण चार ते सात दिवसांत ती पिकतात. वाळवायला कोणती निवडायची, यावर सगळा डाव आहे. अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबेल, पण बोट रुतणार नाही, असं फळ घ्या. अगदी मऊ झालेल्याचा लगदा होतो. ते सरळ दुधात घोटून प्या.

१. फळ सोला, उभं चिरा, बी काढा. बी एकही राहता कामा नये. चिकूच्या बीला टोकाशी आकडा असतो आणि ते घशात अडकू शकतं. घरात लहान मूल असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवू नका.
२. ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या फोडी करा. सगळ्या सारख्या हव्यात. जाड-पातळ मिसळल्या की पातळ करपतात आणि जाड आतून ओल्या राहतात. पुढे डबा बिघडतो तो त्या जाड फोडींमुळेच.
३. रंग थोडा उजळ हवा असेल तर लिटरभर पाण्यात एका लिंबाचा रस घालून फोडी मिनिटभर बुडवा आणि निथळा. साखर, पाक काही नको.
४. आता वजन करा आणि लिहून ठेवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात.

वजन कशासाठी? चिकूच्या गरात साधारण तीन हिस्से पाणी आणि एक हिस्सा घट्ट भाग असतो. म्हणजे १ किलो फोडींत २५० ग्रॅमच्या आसपास फळ, बाकी पाणी. टिकण्यासाठी ओलावा १५ टक्क्यांच्या घरात आणायचा, तर त्या किलोचे ३०० ग्रॅम व्हायला हवेत. काटा ३५० दाखवत असेल तर हाताला कितीही कोरडं लागो, वाळवण अजून व्हायचं आहे. पावडर करायची असेल तर फोड मोडली पाहिजे, वाकता कामा नये. तेव्हा २६५ ते २७० ग्रॅमपर्यंत उतरवा. फळाच्या गोडीनुसार आकडा थोडा इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटी हातानंही पाहा: गार झालेली फोड वाकवा, मधून फाडा, फाटलेल्या कडेला दाबून पाणी चमकतं का बघा. गरम फोड नेहमीच मऊ लागते, तिच्यावरून निर्णय घेऊ नका.

पेटी कशी करावी

ही पेटी सुताराकडूनच करून घ्यायला हवी असं नाही. करवत, हातोडी आणि गिरमिट चालवता येणारं घरात कुणी असेल तर दोन दिवसांचं काम आहे. तिच्यामागचं गणित एका वाक्यात सांगतो, कारण ते कळलं की छिद्रं कुठे आणि का हे आपोआप कळतं. हवा तापवली की तिची पाणी घ्यायची ताकद वाढते. ३० अंशांची, ७५ टक्के आर्द्रतेची हवा ५० अंशांपर्यंत तापवली तर तिची आर्द्रता २६ टक्क्यांच्या आसपास येते. मे महिन्यातली दमट हवासुद्धा पेटीत शिरल्यावर कोरड्या हवेसारखी वागते ती त्यामुळे.

साहित्य:

- १२ मिलिमीटरचं प्लायवूड किंवा जुन्या खोक्यांच्या फळ्या
- तळासाठी ४ फूट × २ फूट पत्रा आणि काळा रंग
- वर झाकायला ४ मिलिमीटरची काच, किंवा पॉलीहाऊससाठी मिळतो तो २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद
- दुहेरी तळात भरायला भाताचा तूस
- मच्छरदाणीची नायलॉन जाळी, बिजागऱ्या, कडी
- बांबूची विणलेली ताटं किंवा स्टेनलेस स्टीलची जाळी
- स्वयंपाकघरात वापरतात तो थर्मामीटर

पेटीची लांबी ४ फूट, खोली २ फूट. पुढची फळी ८ इंच उंच, मागची १७ इंच. त्यामुळे वरच्या काचेला साधारण २० अंशांचा उतार मिळतो. डहाणू विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ २० अंशांवर आहे, म्हणून हा उतार. पेटीचं तोंड दक्षिणेला ठेवा. हिवाळ्यात सूर्य खाली असतो, तेव्हा पेटीला मागून विटा लावून आणखी उचलावं असं अनेकांना सुचतं. ते करू नका. डिसेंबरात या उतारावर दुपारचं जेमतेम आठ-नऊ टक्के ऊन वाया जातं, पण पेटी कलली तर आतली ताटं कलतात आणि फोडी एका कडेला घसरून एकमेकींना चिकटतात. मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास आपल्याकडे दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हाही तोटा तेवढाच किरकोळ असतो.

तळ दुहेरी करा आणि मध्ये इंचभर तूस दाबून भरा, म्हणजे उष्णता खाली निसटत नाही. थर्माकोल वापरू नका, तो तापल्यावर वास सोडतो आणि आकसतो. आपल्या भातगिरणीत तूस मागितला तर मिळतोच. वर काळा पत्रा ठेवा.

छिद्रं हा पेटीचा जीव आहे. पुढच्या फळीत खालच्या कडेला इंचाची १० छिद्रं, मागच्या फळीत वरच्या कडेला १२. सगळ्यांवर आतून जाळी ठोका. गार हवा खालून येते, पत्र्यावर तापते, फोडींमधून वर चढते आणि पाणी घेऊन मागून निघून जाते. छिद्रं न पाडता पेटी घट्ट बंद ठेवली तर फोडी त्यांच्याच वाफेत शिजतात आणि काचेवर थेंब जमतात. घरी केलेल्या पेट्यांमधली सर्वांत मोठी चूक हीच.

ताटं पत्र्यापासून ४ इंच वर, पट्ट्यांवर टेकवा. मागच्या बाजूला बिजागरीचं दार करा, म्हणजे काच न हलवता ताटं सरकवता येतात. एका वेळी अडीच ते तीन किलो फोडी, एकाच थरात. ढीग केला तर पेटी करण्यात अर्थ नाही.

काही सावधगिरी, ज्यांत तडजोड नको:

- रंगवलेला पत्रा आणि रिकामी पेटी आठ दिवस उन्हात ठेवा. रंगाचा वास पूर्ण गेल्याशिवाय आत खाण्याची वस्तू ठेवायची नाही.
- जस्ताचा मुलामा दिलेली जाळी फळांना लागू देऊ नका, कैरीला तर मुळीच नाही. आंबट रसात जस्त उतरतं.
- खताच्या किंवा पशुखाद्याच्या धुतलेल्या गोण्यांवर वाळवण घालू नका. धुतल्यानं त्या खाण्यालायक होत नाहीत.
- वर्तमानपत्रही नको. छपाईची शाई ओल्या फोडीला लागते. स्वच्छ सुती धोतर किंवा साडी चालेल.
- काच साधी असेल तर कडा घासून घ्या आणि पेटी मुलांच्या वाटेत ठेवू नका.

पहिल्या दिवशी फोडी न घालता पेटी उन्हात ठेवा आणि दुपारी आतलं तापमान बघा. ५० ते ६० अंश हवेत. ६० च्या वर जात असेल तर मागे दोन-तीन छिद्रं आणखी पाडा. फार तापलं की फोडीवर कडक कवच धरतं, आतलं पाणी आतच अडकतं आणि महिन्यानं बुरशी बाहेर येते. ५० पर्यंत पोचतच नसेल तर पुढच्या काही छिद्रांत चिंधी कोंबून पाहा.

चिकूला हिवाळ्यात या पेटीत दोन ते तीन दिवस लागतात. रोज दुपारी फोडी उलटा. ऊन उतरायला लागलं की, म्हणजे हिवाळ्यात साडेचारच्या सुमारास, ताटं घरात आणा, गार होऊ द्या आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. पेटीतच रात्रभर ठेवायची वेळ आली तर सगळी छिद्रं बंद करा आणि काचेवर गोणपाट टाका.

हाताशी असलेल्या वस्तूंतून उपयोगी काही उभं करण्याशी या भागाची जुनी ओळख आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर नेलं, तिथे बिया, पानं, शिंपले, माती यांतूनच शिकवण्याची साधनं घडली. त्याच कोसबाडला आज कृषी विज्ञान केंद्र आहे. पेटी मोठी करायची असेल, किंवा गटानं मिळून वाळवण करायचं असेल, तर आधी तिथे जाऊन विचारा. त्यांना आपल्या हवेची आणि आपल्या फळांची माहिती आहे.

आंबोशी आणि लोणचं: मिठाशी खेळू नका

आंबोशीला कोवळी नव्हे, तर बाठा धरलेली पण आंबटच असलेली कैरी घ्या. सोलून पातळ फोडी करा. १ किलो फोडींना ५० ग्रॅम मीठ चोळून दोन तास ठेवा, सुटलेलं पाणी निथळून पेटीत घाला. किलोचे साधारण २०० ग्रॅम झाले आणि फोड काडकन मोडली की तयार. सुकटीच्या आमटीत चार-पाच फोडी भिजवून घातल्या की चिंच लागत नाही.

लोणच्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तीच सर्वाधिक विचारली जाते: डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय, तर लोणच्यात मीठ निम्मं घालू का? वर्षभर बाहेर टिकवायच्या लोणच्यात नको. १ किलो कैरीच्या फोडींना २०० ग्रॅमच्या आसपास मीठ हे प्रमाण चवीपुरतं नसून टिकण्यासाठी आहे. कमी मिठाचं हवं असेल तर अर्ध्या किलोचंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत संपवा. वर तेलाचा थर आहे म्हणून मीठ कमी चालेल हा समज चुकीचा आहे. तेल हवा अडवतं, आतलं पाणी बांधून ठेवत नाही.

मासळीची पेटी वेगळी

चिंचणी, धाकटी डहाणू, झाई इथल्या घरांना मासळी सुकवायला मी काय शिकवणार! बोंबील वलांडीवर वाऱ्यात सुकतात ते पाहण्यासारखं असतं. पण आतल्या गावांत स्वस्तात घेतलेली मासळी घरी सुकवू पाहणाऱ्यांसाठी तीन गोष्टी:

- चिकूच्या पेटीत मासळी घालू नका. लाकडात मुरलेला वास जात नाही.
- मासळी त्याच दिवशी साफ करून चिरा. चार किलोंना एक किलो मीठ लावा. बांगडा तासन् तास उन्हात पडू दिला आणि मग मीठ लावलं, तर त्यात तयार होणारा हिस्टामाइन नावाचा पदार्थ नंतर शिजवूनही जात नाही. अंगावर गांधी उठतात, डोकं धरतं.
- माश्या बसतात म्हणून कीटकनाशक फवारायचं नाही. जाळी लावा. कुणी फवारलेली सुकी मासळी विकताना दिसलं तर घेऊ नका.

डबा बंद करण्याआधी

वाळवून झालं की लगेच बरणी घट्ट लावून फळीवर ठेवायची घाई नको. फोडी गार करून काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरा, झाकण लावा आणि आठ-दहा दिवस रोज एकदा बरणी हलवा. जास्त वाळलेल्या फोडी कमी वाळलेल्यांचं पाणी ओढून घेतात आणि सगळ्या सारख्या होतात. या दिवसांत काचेवर आतून जरा जरी दव दिसलं तर सगळा माल पुन्हा पेटीत. स्टीलच्या डब्यात हे दिसत नाही, म्हणून हे दिवस काचेचेच.

त्यानंतर किडीची अंडी मारायला बरणी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, नाहीतर गार फोडींवर हवेतलं पाणी जमतं आणि सगळी मेहनत वाया जाते. पावसाळ्यापुरत्या लहान लहान बरण्या भरा. एक मोठी बरणी रोज उघडण्यापेक्षा आठवड्याची एक छोटी बरी. चमचा कोरडा, हात कोरडे.

आणि एवढं करूनही एखाद्या बरणीत बुरशी दिसली तर? वरच्या चार फोडी काढून बाकीच्या वापरू नका. पुन्हा उन्हात घालून किंवा भाजून त्या चांगल्या होत नाहीत, कारण काही बुरशींची विषं उष्णतेनं जात नाहीत आणि ती डोळ्यांना दिसतही नाहीत. गुरांनाही घालू नका, गाईच्या पोटातून ती दुधात उतरू शकतात. बरणीभर माल फेकताना जीव तुटतो, तरी फेका.

आजीची कृती लिहून घेताना

दुसरा प्रश्न इथे येतो. आजी सांगते, मूठभर मीठ, तीन उन्हं, आणि झालं. तिची मूठ वेगळी, तिचं मीठ वेगळं, तिचं ऊनही वेगळं. ती कौलांवर वाळवायची. कौल तापतं, घाम धरत नाही, आणि उंचावर वारा असतो. आजची सिमेंटची गच्ची रात्री गार पडते आणि सकाळी दमट असते. शिवाय तिच्या बरणीत खडे मीठ असायचं. चमचाभर खडे मीठ आणि चमचाभर बारीक मीठ यांचं वजन सारखं नसतं, बारीक मीठ जास्त भरतं. कृती बिघडते ती अशा जागी, तिच्या सांगण्यात खोट नसते.

तिला हात थांबवून मोजायला लावू नका, तिची लय तुटते आणि मग ती अंदाजानं काहीतरी आकडा सांगून मोकळी होते. त्याऐवजी असं करा:

- तिनं काम सुरू करण्याआधी मिठाची, तिखटाची, मोहरीची, तेलाची बरणी प्रत्येकी तोलून घ्या. तिचं झालं की पुन्हा तोला. फरक हेच तिचं प्रमाण.
- फोडींचं वजन आधी आणि वाळल्यावर, दोन्ही लिहा.
- महिना लिहा, जागा लिहा, किती वाजता पसरलं आणि किती वाजता उचललं तेही.
- झालं हे ती कशावरून ओळखते ते विचारा. वास, आवाज, बोटाला लागणारा चिकटपणा, जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा.

एकदा नाही, दोन वर्षं लागोपाठ लिहा. पहिल्या वर्षी सुटलेलं दुसऱ्या वर्षी सापडतं.

विकायचं असेल तर

ओळखीच्या चार घरांना पैसे घेऊन दिलं, तरी कायद्याच्या दृष्टीनं तो अन्नव्यवसाय होतो. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार लहान उत्पादकाला पूर्ण परवाना लागत नाही, पण नोंदणी लागते. २०११ च्या नियमांनी ही सोय वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी ठरवली आणि फी वर्षाला १०० रुपये ठेवली. मर्यादा आणि फी यांत बदल होतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी फॉसकॉस या सरकारी पोर्टलवर चालू आकडे पाहून घ्या. आपल्याकडे ही नोंदणी अन्न व औषध प्रशासन करतं. अर्ज, फोटो आणि ओळखपत्र यांवर काम भागतं. त्यासाठी दलालाला हजारो रुपये द्यायची गरज नाही. बचत गटातल्या एका शिकलेल्या मुलीनं अर्ज मोबाईलवरून भरला तरी चालतो.

नोंदणी मागताना तुमचे काही हक्क आहेत, ते फारच थोड्यांना माहीत असतात:

- अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्यांनी नोंदणी द्यावी, कारण लिहून नाकारावी, किंवा तपासणीचा आदेश काढावा.
- तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय आणि लेखी कारण दिल्याशिवाय अर्ज फेटाळता येत नाही.
- ७ दिवसांत यांतलं काहीच झालं नाही, किंवा तपासणीचा आदेश निघून ३० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर २०११ च्या नियमांनुसार लहान उत्पादकाला काम सुरू करता येतं. नंतर सुचवलेल्या सुधारणा मात्र कराव्या लागतात.

म्हणून अर्जाची पोच आणि तारीख जपून ठेवा. तीच तुमचा पुरावा.

पाकिटावर पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणाचा आधी), निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापरण्याची तारीख, बॅच क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, १४ आकडी नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी असेल तर हिरवा ठिपका असलेलं चिन्ह हवं. सुक्या मासळीवर चौकटीतला तपकिरी त्रिकोण. तारीख अंदाजानं टाकू नका. प्रत्येक बॅचची एक बरणी घरी बाजूला ठेवा आणि महिन्या-महिन्यानं उघडून पाहा, म्हणजे तुमची फोड खरंच किती टिकते ते कळेल.

नावाबद्दल एक सावधगिरी. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नोंदणी महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. २०२१ मध्ये मानांकन असलेला हा चिकू ब्रिटनला रवाना झाला. मानांकन आहे म्हणून आपल्या गावातल्या कुणीही पाकिटावर ते चिन्ह छापावं असं होत नाही. तो हक्क अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलेल्यांचा असतो. तुमची बाग ठरलेल्या क्षेत्रात असेल तर हे नाव नोंदवून घ्या, तो तुमचा हक्क आहे. बाहेरून आणलेला स्वस्त चिकू वाळवून त्यावर घोलवडचं नाव घालणाऱ्याला हटकणंही मग तुम्हाला शक्य होईल. वारली चित्रकलेलाही असंच मानांकन आहे, तेव्हा बरणीच्या लेबलासाठी चित्र हवं असेल तर ते इंटरनेटवरून उचलू नका. आपल्याच पाड्यावरच्या चित्रकाराला मोबदला देऊन काढून घ्या आणि लेबलावर त्याचं नाव लिहा.

मोहफुलं, करवंदं, रानातले आवळे असं काही वाळवून विकणाऱ्या आदिवासी कुटुंबांसाठी आणखी एक. २००६ चा वनहक्क कायदा परंपरेनं गोळा होणारं गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क देतो. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित क्षेत्रात आहेत. वाटेत कुणी पोतं अडवलं तर वाद घालण्याआधी कुठल्या नियमाखाली अडवलं ते लेखी मागा आणि ग्रामसभेच्या सचिवाला कळवा. पण पदार्थ करून पाकिटात विकायचा झाला, तर वर सांगितलेली अन्ननोंदणी त्यालाही लागते. वनहक्क असला म्हणून ती टळत नाही.

पहिल्या वर्षी फार विकू नका. दहा-बारा किलो फोडी करा, अर्ध्या घरी खा, अर्ध्या ओळखीच्यांना द्या आणि पावसाळा उलटल्यावर त्यांच्याकडे जाऊन विचारा, शेवटची मूठ कशी लागली.